गव्हाने तहान सोसायची कशी?

होळी उलटली की मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या धान्याच्या दुकानांत नव्या गव्हाच्या गोण्या तोंड उघडून बसतात. वर्षाचा गहू एकदम भरून, एरंडेल चोळून ठेवायची चाल जागेअभावी बरीच आटली आहे, पण संपलेली नाही. गिऱ्हाईक मूठभर दाणे तळहातावर घेते, फुंकर मारते, एखादा दाताखाली फोडून बघते. दुकानदाराची वाक्ये ठरलेली असतात. हा लोकवन, हा शरबती, ही खपली; शरबती घ्या, पोळी रात्रीपर्यंत मऊ राहील. भाव विचारला तर शरबती बराच चढा. का? तर, एमपीचा माल आहे, कमी पाण्यावरचा.

हे 'कमी पाण्यावरचा' कानाआड करण्यासारखे नाही. गव्हाच्या जनुकशास्त्रात गेली तीसेक वर्षे ज्या प्रश्नावर बुद्धी आणि पैसा खर्च होतो आहे, तो हाच: एखादे वाण कमी पाण्यावर तग धरते आणि दुसरे धरत नाही, याला कारण असलेली जनुके कोणती, आणि ती उचलून दुसऱ्या वाणात घालता येतील का? या आढाव्यात मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगतो. 'दुष्काळाचे जनुक' म्हणून ज्यांचा गाजावाजा झाला त्यांनी शेतात फार थोडे दिले. जे काही मिळाले ते उंची, मुळे, पक्वतेचा काळ अशा, वरवर दुष्काळाशी संबंध नसलेल्या गुणांच्या जनुकांनी दिले.

आधी शरबतीचे बघू. मुंबईत येणारा हा गहू मुख्यतः मध्य प्रदेशातल्या सिहोर-विदिशा पट्ट्यातला. सिहोरच्या शरबतीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या एका नावाखाली आज अनेक वाणे खपतात, पण ज्याच्यामुळे नाव झाले ते वाण सी-306. (मेक्सिकन सोनोरा-64 वर गॅमा किरणांचा मारा करून 1967 मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत निघालेला 'शरबती सोनोरा' निराळा. दुकानातल्या शरबतीशी त्याचे नाते नावापुरतेच.) सी-306 हे तेव्हाच्या पंजाबातले, 1965 साली प्रसारित झालेले वाण. ताट उंच, पाणी जरा जास्त झाले की लोळणारे, तांबेऱ्याला चटकन बळी पडणारे, आणि उताऱ्याला हरितक्रांतीच्या बुटक्या वाणांपुढे अगदी सामान्य. एवढे दोष असूनही ते साठ वर्षे शेतात टिकून आहे. प्रयोगशाळेतही टिकून आहे. देशात गव्हाच्या पाणीताणावर प्रयोग करायचा म्हटला की तुलनेला एक सोशिक वाण लागते, आणि ते बहुतेक वेळा सी-306 असते. मोहालीच्या राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेने पोळीच्या प्रतीमागची जनुके शोधताना चांगल्या पोळीचा नमुना म्हणून जी वाणे घेतली त्यांतही सी-306 होते आणि लोक-1 होते. हा लोक-1 म्हणजेच आपला लोकवन. उपनगरातल्या दुकानात शेजारी शेजारी बसलेल्या दोन गोण्या शास्त्रज्ञांच्या टेबलावरही शेजारी बसल्या, हे मला गमतीचे वाटते.

तहान आणि पोळी यांचा संबंध निव्वळ योगायोगाचा नाही. दाणा भरत असताना पाणी कमी पडले की पिष्ट साठवण्याचे काम आधी थांबते, प्रथिने साठवण्याचे तितके लवकर थांबत नाही. त्यामुळे दाण्यात प्रथिनांचे प्रमाण चढते, दाणा कडक आणि काचेसारखा तुकतुकीत होतो. अर्थात कुठल्याही वाणाला उपाशी ठेवले म्हणून त्याची शरबती होत नाही. ग्लुटेनचा पोत ठरवणारी जनुके वेगळी आहेत आणि ती मुळात चांगली असावी लागतात.

आता मूळ प्रश्न. 'दुष्काळ' हा एक शब्द शास्त्रात फार घोटाळे करतो. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत गव्हाला हिवाळी पाऊस मिळतो आणि शेवटी शेवटी तो ओढ देतो. अर्जेंटिनात पेरल्यानंतर पाऊस दडी मारतो. पंजाबात कालव्याची पाळी चुकली तर तो दुष्काळ. महाराष्ट्रातला जिरायती गहू यांतल्या कशातच बसत नाही. तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरायचा, मॉन्सून परतलेला असतो, आणि पुढचे जवळपास सगळे पीक काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर काढायचे. पहिल्या तारखेला एकदाच पगार हाती पडावा आणि भाडे, शाळेची फी, किराणा सगळे वीस तारखेनंतर यावे, तशी ही गत आहे. सुरुवातीच्या दिवसांत जे पीक जोमाने वाढते, भरपूर फुटवे काढते, रुंद पाने पसरते, ते डोळ्यांना छान दिसते आणि जानेवारीत दाणे भरायच्या वेळी कफल्लक होते. म्हणून इथे प्रश्न तहान 'सहन करण्याचा' कमी आणि पाणी केव्हा खर्चायचे याचा जास्त आहे. एका ठिकाणी सोशिक ठरलेले वाण दुसरीकडे साफ आपटते ते यामुळेच.

झाडाच्या आत काय घडते, हे मात्र गेल्या पंचवीस वर्षांत खूपच उलगडले आहे, आणि ते बघण्यासारखे आहे. जमीन सुकू लागली, पानातल्या पाण्याचा दाब घसरला की पेशींमध्ये अब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक तयार होते. पानाच्या खालच्या-वरच्या कातडीवर हजारो पर्णरंध्रे असतात, आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडांना एकेक रक्षक पेशी. गव्हात या पेशी लांबट, मध्ये निमुळत्या, टोकांना फुगीर. संप्रेरक तिथे पोचले की ते एका ग्राहक प्रथिनाला जाऊन बसते. हा ग्राहक 2009 साली अमेरिका आणि जर्मनीतल्या दोन गटांनी एकाच सुमारास शोधून काढला. एरवी एक प्रथिन-गट पुढच्या यंत्रणेला लगाम घालून बसलेला असतो. ग्राहक त्या लगामवाल्याला धरून ठेवतो, मग त्याखाली दबलेली विकरे मोकळी होतात, रक्षक पेशींतले क्षार बाहेर पडतात, त्यामागोमाग पाणी, आणि रंध्र मिटते. काही मिनिटांचे काम.

रंध्र मिटले की पाणी वाचते, पण कर्बवायूही आत येईनासा होतो, अन्न बनणे मंदावते आणि बाष्पीभवन थांबल्याने पान तापते. म्हणजे बचतीची किंमत लगेच मोजावी लागते. मिटून बसलेले झाड मरत नाही, पण दाणाही भरत नाही. शेतकऱ्याला मेलेले झाड नको असते, तसे नुसते जिवंत झाडही नको असते. या साध्या गोष्टीकडे जनुकशास्त्राने फार उशिरा लक्ष दिले.

त्याच संप्रेरकाच्या इशाऱ्याने, आणि काही ठिकाणी त्याच्याशिवायही, पेशीच्या केंद्रकात नियामक जनुके चालू होतात. जपानमधल्या काझुओ शिनोझाकी आणि काझुको यामागुची-शिनोझाकी यांनी 1990 च्या दशकात शोधलेली डीआरईबी ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. एक नियामक पुढची कितीतरी जनुके जागी करतो. कुणी पेशीतल्या प्रथिनांना सुकण्यापासून जपणारी द्रव्ये बनवते, कुणी प्रोलिन साठवते, कुणी खोडातल्या फ्रुक्टान या साठीव साखरेचे तुकडे करून ती ओंबीकडे धाडते. गव्हाला पाणी तोडले की हजारो जनुकांची पातळी खाली-वर होते. त्यांतली खरी कामाची कोणती आणि नुसती धावपळ करणारी कोणती, हे त्या याद्यांवरून कळत नाही.

यात गव्हाचा संसार मुळातच तिप्पट आहे. आपला पोळीचा गहू तीन गवतवर्गीय पूर्वजांच्या संकरातून झाला, त्यांचे तिन्ही जनुकसंच त्याने जपले, म्हणून त्याची गुणसूत्रे 42. खपली आणि बन्सीत दोनच संच, 28 गुणसूत्रे. पोळीच्या गव्हाचा संपूर्ण आराखडा 2018 साली हाती आला. सुमारे 1,600 कोटी अक्षरे, म्हणजे माणसाच्या पाचपट, आणि 1,07,891 जनुके. त्या आंतरराष्ट्रीय कामात 2ए हे गुणसूत्र भारतीय गटांकडे होते: लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि दिल्लीचीच वनस्पती जैवतंत्रज्ञान संस्था. एवढ्या आकाराचा व्यवहारी परिणाम असा की बहुतेक जनुकाच्या तीन प्रती असतात. एक बिघडली तरी बाकीच्या दोन काम उरकतात, म्हणून निसर्गात झालेला चांगला बदलही झाकून जातो. भात, मका यांच्या पैदासकारांना चटकन दिसणाऱ्या गोष्टी गव्हात दिसायला जास्त पिढ्या लागतात.

तरी लोकांनी सरळ रस्ता धरून पाहिला. मेक्सिकोतल्या सिमिट या आंतरराष्ट्रीय केंद्रात डीआरईबी जनुक गव्हात घातले. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या काचघरातल्या प्रयोगात पाणी तोडल्यावर साधी रोपे माना टाकत होती आणि ही ताठ उभी होती. छायाचित्रे जगभर फिरली. मग तीच रोपे शेतात गेली आणि 2012 च्या अहवालात चित्र पालटले: दाण्याच्या उताऱ्यात साध्या वाणावर सरशी नाही. कुंडीतले रोप मूठभर मातीत दहा दिवसांत पाणी संपवते, मग कोण आधी कोमेजतो याची शर्यत लागते. शेतातले मूळ मीटर-दीड मीटर खाली जाते, ताण हळूहळू, आठवड्यांनी चढतो. दोन्हींचा निकाल एक यावा ही अपेक्षाच चुकीची. अजूनही दर महिन्याला 'अमुक जनुकाने गहू दुष्काळ-सहनशील' असे शोधनिबंध येतात आणि त्यांतल्या बहुतेकांत पुरावा कुंडीचाच असतो. ते वाचताना मी आधी शेतातल्या उताऱ्याचा तक्ता शोधतो. तो नसला तर पुढचे वाचायची घाई करत नाही.

या वाटेने बाजारापर्यंत पोचलेला एकच गहू आहे, अर्जेंटिनाचा एचबी-4. राकेल चान यांच्या गटाने सूर्यफुलातले एक नियामक जनुक गव्हात आणले. अर्जेंटिनाने 2020 मध्ये सशर्त मान्यता दिली, गिऱ्हाईक असलेल्या ब्राझीलने पुढच्या वर्षी पीठ घ्यायला होकार भरला, आणि 2024 मध्ये अमेरिकेने लागवडीला परवानगी दिली. या जनुकाने काम केले त्याचे कारणही बोधप्रद आहे. ते रंध्रे मिटायची घाई करत नाही, उलट ताणातही झाडाचे काम चालू ठेवते. 37 ठिकाणच्या चाचण्यांत सरासरी वाढ निघाली 6 टक्के. वाईट नाही. पण वर्तमानपत्री मथळ्यांनी जो चमत्कार कबूल केला होता तो हा नव्हे.

आता त्या दुसऱ्या, कमी चमकदार रांगेकडे येतो. इथे खरी शिदोरी आहे.

हरितक्रांतीचा गहू बुटका झाला तो जपानी नोरिन-10 वाणातल्या दोन जनुकांमुळे. त्यांच्यामुळे झाड जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला दाद देत नाही, ताट आखूड राहते, खताचा भर ओंबीत जातो आणि पीक लोळत नाही. नॉर्मन बोरलॉग यांच्या वाणांचे सगळे यश यावर उभे आहे. पण जनुक फक्त ताटाला आखूड करून थांबत नाही. बी उगवताना कोंबाभोवती नळीसारखे एक पांढरट आवरण असते, तेच माती फोडून वर येते आणि पहिल्या पानाला वाट करून देते. बुटक्या वाणांत हे आवरणही आखूड. साधारण सहा-सात सेंटिमीटरपेक्षा खोल बी पडले की आवरण मातीतच संपते, कोवळे पान ढेकळात चुरगळते आणि रोप वर येतच नाही. बागायतीत याने काही बिघडत नाही, कारण पेरून पाणी दिले की झाले. जिरायतीत मात्र ऑक्टोबरच्या उन्हाने वरचा थर कोरडा पडतो, ओल खाली आठ-दहा सेंटिमीटरवर गेलेली असते, आणि बी तिथवर न्यावे तर उगवत नाही. उंच सी-306 ला ही अडचण नाही. त्याचा कोंब लांब असतो. त्याच्या सोशिकपणाचा एक भाग इतका साधा आहे: ते बी ओलीला जाऊन बसू शकते.

या गाठीवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने चांगले काम केले आहे. बुटकेपणा देणारी पण कोंब आखूड न करणारी वेगळी जनुके बन्सीसारख्या कठीण गव्हात आहेत. आरएचटी-14 आणि आरएचटी-18 ही त्यांतली दोन. ती 6ए गुणसूत्रावर कुठे आहेत हे संस्थेने नक्की केले, त्यांची खूण ओळखणाऱ्या चाचण्या बसवल्या, आणि ती एमएसीएस-6222, एमएसीएस-6478 या आपल्याकडे रुळलेल्या वाणांत उतरवण्याचे काम हाती घेतले. भाताच्या धसकटातून खोल पेरणी करता आली तर उत्तरेतली धसकटे जाळण्याची पाळी टळेल, असाही त्यामागचा एक हेतू होता. ऑस्ट्रेलियात आरएचटी-18 घातलेल्या गव्हावर आणि खोल पेरणीवर 2022 मध्ये एक अभ्यास निघाला. संगणकावर अनेक वर्षांचे हवामान लावून पाहिले तर देशभर उतारा अठरा-वीस टक्क्यांनी वाढू शकतो असा त्याचा अंदाज होता. गणित आहे, शेत नव्हे. पण एखाद्या 'दुष्काळ जनुका'च्या नावे देशभराचा एवढा अंदाजसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

कोंबानंतर मूळ. काळ्या जमिनीत दीड मीटरखालची ओल बहुतेक वेळा पीक कापल्यावरही तिथेच असते. मूळ तिथवर गेलेलेच नसते. ऑस्ट्रेलियात मोजून पाहिले गेले आहे की फुलोऱ्यानंतर खालच्या थरातून उपसलेल्या प्रत्येक जादा मिलिमीटर पाण्यामागे हेक्टरी 55 ते 59 किलो गहू मिळतो. हेक्टरावर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे किलोमागे दोनशे लिटरसुद्धा लागत नाहीत. एरवी साऱ्या हंगामाचा हिशेब केला तर किलोमागे हजार लिटरच्या घरात पाणी जाते. वेळेवर मिळालेल्या पाण्याची ही किंमत.

मुळे लांबवणारे एक कारण राय या धान्याकडून उसने आले आहे. रायच्या पहिल्या गुणसूत्राचा आखूड भाग गव्हात जोडला गेला तो मुळात तांबेऱ्याला आवर घालायला. नंतर लक्षात आले की अशा काही गव्हांची मुळे जास्त खोल जातात. कॅलिफोर्नियातल्या गटाने 2023 मध्ये त्याचा उलगडा केला. तिथे जनुकांच्या एका कुटुंबातल्या प्रती किती, यावर मुळाची लांबी ठरते. त्या वाढल्या की मूळ आखूड, कमी झाल्या की लांब. म्हणजे इथे नवे जनुक हवे असे नाही, असलेल्यांची संख्या जमवायची.

याहून मला आवडते ते ऑस्ट्रेलियातल्या जॉन पॅसिओरा आणि रिचर्ड रिचर्ड्स यांचे जुने काम. साठलेल्या ओलीवरचे पीक आधीच उधळपट्टी करते हे त्यांना दिसत होते. त्यांनी विचार केला, मुळातली पाणी वाहणारी नळीच अरुंद केली तर? झाडाला पाणी मिळेल, पण दमादमाने. उरलेले दाण्यासाठी राहील. तुर्कस्तानच्या जुन्या गावरान गव्हांत अशी बारीक नळी सापडली. ती संकराने ऑस्ट्रेलियन वाणांत आणली, आणि कोरड्या ठिकाणी उतारा 3 ते 11 टक्के वाढला. हे 1980 च्या दशकातले, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटीवर झालेले काम. दख्खनच्या जमिनीला ते जितके लागू पडते तितके दुसरे काही नाही, आणि आपल्याकडे त्याचा पाठपुरावा व्हावा तितका झालेला नाही. त्याच परंपरेत पुढे पानातल्या जड आणि हलक्या कर्बाच्या प्रमाणावरून काटकसरी झाडे निवडून ड्रायस्डेल (2002) आणि रीस (2003) ही वाणे निघाली. पाऊस जितका कमी तितका त्यांचा फायदा जास्त; पाऊस चांगला झाला तर तो दिसेनासा होतो. काटकसरी झाडाचा हा स्वभावच आहे.

तिसरी वाट म्हणजे पळ काढणे. दुष्काळ यायच्या आत पिकून मोकळे होणे. हिवाळ्याची थंडी आणि दिवसाची लांबी यांना कधी प्रतिसाद द्यायचा हे ठरवणारी मोजकी जनुके आहेत, आणि भारतीय गव्हात ती बहुधा घाईच्या बाजूला झुकलेली असतात. लोक-1 हे याचे उत्तम उदाहरण. भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीत झवेरभाई पटेल यांनी 1980 च्या सुमारास ते काढले. सरकारी संशोधन केंद्राबाहेर, एका ग्रामीण शिक्षणसंस्थेत. त्याच्या वंशात सोनालिका आहे, जिची पोळी त्या मोहालीच्या अभ्यासात कच्ची ठरली होती. लोक-1 लवकर येते, दाणा टपोरा, उशिरा पेरले तरी फार बिघडत नाही. गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेशात त्याने बैठक मारली आणि मुंबईच्या दुकानांत ते 'लोकवन' होऊन बसले. अर्थात लवकर येण्याचीही किंमत असते. चांगल्या वर्षी जास्त दिवस उभे राहून जे मिळाले असते ते हुकते.

महाराष्ट्रातले पैदासकार या साऱ्याचा मेळ नावे न घेता घालत आले आहेत. निफाडचे गहू संशोधन केंद्र 1932 पासूनचे. तिथून आलेला एनआय-5439 कितीतरी वर्षे जिरायतीचा भरवशाचा गहू होता. पुढे कठीण गव्हात पंचवटी, पोळीच्या गव्हात नेत्रावती, मर्यादित पाण्यासाठी फुले सात्विक. अकोल्याहून जिरायतीसाठी शरद. आघारकरच्या एमएसीएस-4028 या कठीण गव्हाची शिफारस महाराष्ट्र-कर्नाटकात कोरडवाहूसाठी आहे. तो 102 दिवसांत तयार होतो, हेक्टरी 19.3 क्विंटल देतो, आणि त्यात प्रथिने 14.7 टक्के आहेत. ज्याच्या विहिरीला एकच पाणी पुरते त्याला कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो, ते पेरणीनंतर चाळीस-बेचाळीस दिवसांनी, कांडी धरताना द्या. दोन असतील तर विसाव्या-बाविसाव्या आणि साठाव्या-पासष्टाव्या दिवशी. हा सल्ला वाणाइतकाच मोलाचा आहे. नेत्रावतीसारख्या वाणाचा गुण नुसत्या कोरड्यात दिसतो त्याहून त्या एका पाण्यावर जास्त दिसतो.

बारामतीजवळ माळेगावला 2009 साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली ती मुरमाड, खडकाळ माळावर. जागाच प्रयोगाचा भाग झाली. आणि मुंबईत, उपनगर जिल्ह्यातल्या ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. किरणांनी जनुकांत बदल घडवून नवी वाणे काढायचे काम तिथे अनेक दशके चालू आहे. भुईमुगाचे टीएजी-24 महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे. गव्हाची वाणे मात्र तिथून अगदी अलीकडे आली. त्यांतले एक जोधपूरच्या कृषी विद्यापीठाबरोबर राजस्थानसाठी काढलेले 'ट्रॉम्बे जोधपूर गहू-153', दाणा भरतानाची उष्णता सोसणारे. उष्णता आणि पाणीताण हे शास्त्रात वेगळे विषय असले तरी फेब्रुवारीच्या शेतात ते जोडीनेच येतात. 2022 च्या मार्चमध्ये उत्तरेत पारा चढला, दाणे चिरमटले आणि 13 मेला केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. त्यात पाण्याचा वाटा किती नि तापाचा किती, हे शेतकऱ्याला वेगळे काढता येत नाही. झाडालाही येत नसावे.

गावरान वाणांबद्दल दोन शब्द. केंब्रिजच्या ए. ई. वॉटकिन्स यांनी 1920-30 च्या दशकांत ब्रिटिश वकिलाती-कचेऱ्यांमार्फत जगभरच्या बाजारांतून गहू गोळा केला. त्यांतले 827 नमुने आज इंग्लंडमध्ये जपलेले आहेत, भारतातलेही पुष्कळ. त्यांची जनुके 2024 मध्ये वाचली गेली तेव्हा दिसले की आजचे सगळे सुधारित गहू सात पूर्वज-गटांपैकी दोघांवरच उभे आहेत. उरलेले बहुतेक वैविध्य कुणी वापरलेलेच नाही. आपल्या बाजूला सांगली-कोल्हापूर-बेळगावची खपली, मराठवाड्यातले बन्सी, गुजरातच्या भाल प्रदेशातला ओलीवर येणारा भालिया ही अशीच ठेव. भालियाला 2011 मध्ये मानांकन मिळाले, आणि मुंबईतल्या गुजराती घरांत त्याचे जाणकार अजून आहेत.

सी-306 इतकी वर्षे टिकले ते सरकारी शिफारशीमुळे नव्हे. एकरी उताऱ्यात त्याचा शेतकरी मार खातो आणि भावात भरून काढतो. तो भाव अंधेरी-मुलुंडच्या स्वयंपाकघरांतून जातो. पोळीसाठी मोजलेल्या पैशाने एक कोरडवाहू जनुकसंच जिवंत राहिला, आणि हे कुठल्याही योजनेत लिहिलेले नव्हते. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सोशिक वाणाला बाजारात सोशिक म्हणून एक पैसा जास्त मिळत नाही. नेत्रावती किंवा एमएसीएस-4028 ला दुकानात नाव नाही, म्हणून भावही नाही. आणि जिथे एकही पाणी नाही, जमीन हलकी आहे, तिथे गव्हाचा हट्ट न धरता मालदांडी ज्वारी पेरणारा सोलापूरकर मला जनुकशास्त्रज्ञांइतकाच शहाणा वाटतो.

पुढची उडी जनुक-संपादनाची आहे. केंद्राने मार्च 2022 मध्ये बाहेरचे जनुक न घालता केलेल्या संपादनाला जनुकबदल पिकांच्या नियमांतून सूट दिली, आणि मे 2025 मध्ये भाताची दोन संपादित वाणे जाहीर झाली. त्यांतल्या पुसा डीएसटी राइस-1 मध्ये पर्णरंध्रांशी आणि ताणाशी संबंधित एक जनुक बंद केलेले आहे. गव्हात हेच करायचे तर तिन्ही प्रती एकाच वेळी गाठाव्या लागतात. तंत्र तेवढे तयार आहे. कोणते जनुक, हे मात्र जमीन ठरवणार. रंध्रे कमी करून पाणी वाचवणारा गहू निफाडच्या खोल काळ्या जमिनीत कदाचित चालेल, हलक्या माळावर तो दाणा भरायच्या आधीच ताप खाऊन बसेल. म्हणून संपादित गव्हाची पहिली चाचणी काचघरात नको. ऑक्टोबरात पेरून, एकही पाणी न देता, शेजारी सी-306 आणि नेत्रावतीची ओळ लावून ती व्हावी, आणि ओंब्या मळून दाणे तोलल्यावरच निकाल जाहीर व्हावा.